नोलीनची लाईन

सप्टेंबरच्या पहिल्या बुधवारी, आमच्या डोंगर-भटक्या क्लबच्या बैठकीत अध्यक्ष रसेल ओटवेने नोलीन कड्बीला एक बाक देऊ केला. लाकडी बाक, पाठीवर पितळी पट्टी, पट्टीवर तिचं नाव. ओढ्याच्या तोंडाशी जिथे आम्ही गाड्या लावतो, तिथे तो ठेवायचा होता.

नोलीन सत्त्याहत्तर वर्षांची आहे. तिने चहाचा कप खाली ठेवला आणि म्हणाली, "बाक मेलेल्या माणसांना देतात, रसेल. मी अजून चहा पितेय."

मी क्लबची चिटणीस. इतिवृत्तात मी लिहिलं, 'श्रीमती कड्बी यांनी साभार नकार दिला.' त्यातला आभाराचा भाग माझ्या पदरचा.

बाक म्हणजे तिला लाईनवरून काढायची सभ्य रीत होती, हे खोलीतल्या सातही जणांना कळत होतं. लाईन म्हणजे आमची सापळ्यांची रांग. रुआहीने नावाच्या डोंगररांगेत मातुकू ओढ्याच्या काठाने शंभर-शंभर मीटरवर एक, अशी सेहेचाळीस लाकडी खोकी आहेत. प्रत्येकात एक लोखंडी सापळा, आमिषाला एक अंडं आणि वाळवलेल्या सशाचा तुकडा. उंदीर सापडतात, पण खरी वाट बघायची ती स्टोटची. हातभर लांबीचं, तपकिरी पाठीचं, तोंडावरून अगदी साळसूद वाटणारं जनावर. भूक असो वा नसो, घरटं दिसलं की साफ करतं. हा सगळा खटाटोप फिओसाठी, म्हणजे आमच्या निळ्या बदकांसाठी. ती खळाळत्या पाण्यातच राहतात आणि घरटं मात्र काठावर जमिनीलगत करतात, इतकी भाबडी. मातुकूवर त्यांची तीन जोडपी होती. ऑगस्ट संपता संपता अडीच उरली.

झालं होतं ते असं. ऑगस्टच्या शेवटी रसेल एकटाच लाईन तपासायला गेला आणि वरच्या भागातले नऊ सापळे त्याला आकडीसकट सापडले. सापळा ताणताना बोटं तुटू नयेत म्हणून त्याला एक आकडी असते. आमिष ठेवून झालं की आकडी काढायची आणि मगच झाकण लावायचं. ती राहिली तर सापळा बाहेरून बरोबर दिसतो, पण मिटत नाही. स्टोट येतो, अंडं खातो आणि पोट भरून निघून जातो. थोडक्यात, दोन आठवडे आम्ही त्याला नाश्ता वाढला होता. तिथूनच वीस पावलांवर एका पडलेल्या खोडाखाली रसेलला फुटलेली अंडी आणि मादीची पिसं मिळाली. नर दगडावर बसून एकटाच शिट्ट्या घालत होता, असं त्याने सांगितलं. सांगताना त्याचा आवाज नीट नव्हता. रसेल वाईट माणूस नाही. वेलिंग्टनला विमा कंपनीत तीस वर्षं काढली आणि निवृत्त होऊन आमच्याकडे आला, त्यामुळे कुठेही काही घडलं की जबाबदार कोण, हे आधी बघायची त्याला सवय आहे.

"ऑगस्टच्या फेरीची मुख्य तू होतीस, नोलीन," तो म्हणाला. "नऊ सापळे. एखादा राहिला असता तर मी बोललोही नसतो. यात लाज वाटण्यासारखं काही नाही. वय होतं माणसाचं."

"तुझंही होईल. धीर धर."

त्या नऊ खोक्यांची यादी मीच टाईप केली होती. अठ्ठावीस, तीस, बत्तीस, असं करत चव्वेचाळीसपर्यंत. सगळे सम आकडे. रसेलला त्यात काही दिसलं नाही, कारण त्याने आमच्याबरोबर कधी काम केलं नव्हतं. आम्ही बेडूकउड्या मारत जातो. दोघांची जोडी असते. एकजण पहिलं खोकं करायला थांबतो, दुसरा त्याला ओलांडून पुढच्यावर जातो. म्हणजे एकाचे सगळे विषम, दुसऱ्याचे सगळे सम. फोनमधल्या नोंदीत मात्र नाव फक्त मुख्याचं लागतं. ऑगस्टच्या त्या रविवारी, म्हणजे आमच्या ऐन हिवाळ्यात, दक्षिणेचा वारा सुटला होता, गारठलेला बर्फाळ पाऊस तोंडावर येत होता आणि आम्ही चौघंच आलो होतो. वरचा भाग नोलीनने आणि मी केला. विषम तिचे. सम माझे.

यादी टाईप करतानाच मला ते कळलं होतं. त्या रविवारी बोटं बधिर झाली होती, मी हातमोजे काढलेच नाहीत, एक एक खोकं उरकत गेले. आकडी काढल्याचं मला एकाही खोक्याचं आठवेना. तरी मी बैठकीत गप्प बसले. टूरी पोमाना, जो आमच्या खाटीकखान्यातून सुरा खाली ठेवून निवृत्त झाला आणि तेव्हापासून खालचा भाग सांभाळतो, त्याने चष्म्यावरून आधी यादीकडे पाहिलं, मग माझ्याकडे, आणि मग बिस्किटांच्या बशीकडे. नोलीनने यादी वाचली, घडी घातली आणि खिशात ठेवली. माझ्याकडे तिने पाहिलंही नाही. तिच्या लक्षात आलं नाही, अशी मी माझी समजूत घालून घेतली. ती समजूत माझी मलाच पटत नव्हती.

"लाईन माझी. त्या दिवशी मुख्य मी होते," ती म्हणाली. "बाक नको. या रविवारची फेरी मीच नेणार. पुढच्या शनिवारी तू जाऊन सेहेचाळीसच्या सेहेचाळीस उघडून बघ. एक जरी आकडी राहिली असेल तर मुख्य म्हणून माझं नाव काढ. मी हूं की चूं करणार नाही."

"एक सुद्धा?"

"एक म्हणजे एक. आणि रविवारी तूही चल. नुसतं तपासणाऱ्याला अंड्याचा वास कळत नाही."

ही बाई आधीपासूनच अशी आहे. वडिलांचा दुधाचा गोठा होता आणि घरात सहा मुली. ट्रक मुलींसाठी नसतो, असं वडील म्हणत. चौदाव्या वर्षी गवताच्या कुरणात तिने तो चोरून चालवायला शिकून घेतला आणि वडिलांचा पाय मोडला त्या हंगामात दूध तिनेच पोचवलं. पुढे खेड्यापाड्यांची टपाल-गाडी चालवायचं कंत्राट निघालं. टपालाच्या साहेबाने तिला खुर्ची न देता सांगितलं की खडीच्या रस्त्यावर चाक बदलणं बाईमाणसाला झेपत नाही. ती बाहेर गेली, त्याच्या स्वतःच्या गाडीचं चाक काढून पायरीवर ठेवलं आणि आत येऊन म्हणाली, "बसवू का परत?" एकतीस वर्षं तिने टपाल वाटलं. पुरात पूल वाहून गेला तेव्हा पिशवी पाठीला बांधून ती तारेच्या झुल्यावरून पलीकडे गेली. कुणीतरी तिची तारीफ करायला लागलं तर तिने त्याला गप्प केलं, कारण त्या पिशवीत बहुतेक बियाणांच्या जाहिराती होत्या.

निवृत्त झाली त्या वसंतात तिने मातुकूवर फिओचं फस्त केलेलं घरटं पाहिलं. सरकारी खात्याला पत्र लिहिलं. खात्याने कळवलं की अर्ज विचाराधीन आहे, कृपया थांबावं. ती थांबली नाही. कुंपणाच्या जुन्या फळ्या कापून तिने सतरा खोकी ठोकली, एका वेळी दोन अशी पाठीवरून वर नेली आणि लावून टाकली. वर्षभराने खात्याचा माणूस तिला समज द्यायला आला. तिने त्याच्या हातात करवत दिली आणि तो जाताना तीन खोकी करून गेला. नवऱ्याला, मर्वला, डोंगराचा कंटाळा होता, पण मरेपर्यंत दर महिन्याला अंडी तोच मोजून द्यायचा. गुडघा बदलल्यावर डॉक्टरने सपाटीवर चालायला सांगितलं. "ओढ्याच्या काठाला मी सपाटीच समजते," असं तिने त्याला उत्तर दिलं. मला ती तेवीस वर्षं माहीत आहे आणि एकदाही तिने कुणाची परवानगी मागितल्याचं मला आठवत नाही.

रविवारी सकाळी सात वाजता आम्ही सहाजण गाड्यांपाशी जमलो. नोलीन, टूरी, मी, रसेल आणि इस्पितळातल्या दोन परिचारिका, ज्या चालायला म्हणून आल्या आणि ज्यांच्या पिशवीत टूरीने न विचारता दोन डझन अंडी ठेवली.

"फुटली तर?" एकीने विचारलं.

"पाठीला आम्लेट होईल. इथे सगळ्यांचं एकदा झालंय."

रसेल नव्याकोऱ्या गुडघापट्ट्या बांधून आला होता. टूरीने त्याच्याभोवती एक चक्कर मारली. "आंटी, बघ बघ, अध्यक्षसाहेब लग्नाला निघालेत." टूरी अडुसष्टचा आहे, तरी नोलीनला तो आंटीच म्हणतो, तिला चीड येते म्हणून.

"त्याला त्रास देऊ नको," नोलीन म्हणाली. "ओढ्यात पडल्यावर द्यायचाय."

निघायच्या आधी तिने नव्यांना नियम सांगितले. नियम दोनच. काम झालं की आकडा मोठ्याने ओरडायचा, काय मिळालं ते सांगायचं. आणि ज्याचा हात खोक्यात आहे त्याच्याशी बोलायचं नाही. आग लागली तरी नाही. "आमिष, ताण, आकडी, झाकण. मधे कुणी बोललं की माणूस एक पायरी गाळतो. मग ते पुढे कुणाला तरी महागात पडतं," ती म्हणाली. हे सांगतानाही तिने माझ्याकडे पाहिलं नाही आणि मी बुटाची नाडी बांधत बसले.

खालचा भाग हसतखेळत झाला. "तीन, उंदीर!" "चार, रिकामं!" अशा हाका बीच जातीच्या झाडांतून पुढेमागे जात होत्या. आठ नंबरला स्टोट निघाला. रसेल वाकून बघायला गेला आणि वासाने तीन पावलं मागे आला. रॉबिन पक्षी नेहमीसारखा बुटापाशी येऊन आम्ही उकरलेल्या पाचोळ्यातले किडे टिपत होता. ओढा अकरा वेळा ओलांडावा लागतो. सातव्या वेळी रसेल कमरेपर्यंत गेला आणि टूरीने टोपी काढून त्याला मानवंदना दिली. सांगायला हरकत नाही, रसेल हसला. ओल्या विजारीत तो मला पहिल्यांदाच आवडला.

पंचविसाव्या खोक्यापासून वरचा भाग सुरू होतो. परत तीच जोडी, विषम तिचे, सम माझे. वाटण्या नोलीनने केल्या आणि मला नाही म्हणता आलं नाही. अठ्ठावीस उघडलं. आकडी काढली, काढल्याचं डोळ्यांनी पाहिलं, झाकण लावलं, परत उघडून पाहिलं. तीसलाही तसंच. बत्तिसाजवळ ते खोड होतं. पिसं पावसाने वाहून गेली होती, पण नर पाण्यातल्या दगडावर होता. एकटाच. शिट्टी घालायचा, थांबायचा, मान वळवून वर बघायचा, परत घालायचा. मी तिथे उभी राहिले आणि मला रडू आलं. त्या मादीला मी मारलं होतं आणि तिच्या बदल्यात मी नोलीनची लाईन जाऊ देत होते, कारण मला बैठकीत तोंड दाखवायची लाज वाटत होती. इतकं सरळ होतं ते.

चाळीस करून मी पुढे निघाले तेव्हा नोलीन एकेचाळिसावर गुडघे टेकून बसली होती. तिच्या मागे रसेल आणि त्याच्या मागे टूरी. मला तिला ओलांडून बेचाळिसावर जायचं होतं. मी तिथेच थांबले.

"ते माझे होते," मी म्हणाले.

नोलीनचा हात खोक्यात होता.

"ऑगस्टमधले. नऊच्या नऊ. सगळे सम आकडे आहेत, रसेल. सम मी करत होते. आकड्या मी ठेवल्या, नोलीनने नाही. ती फिओ माझ्यामुळे गेली. मी बैठकीतच सांगायला हवं होतं."

रसेल आ वासून बघत राहिला. टूरीने नुसतीच मान हलवली. नोलीनने झाकण धाडकन लावलं, स्क्रू फिरवला आणि उठली. तिला इतकं तापलेलं मी आजवर कधी पाहिलं नव्हतं.

"तुला कुणी विचारलं होतं का गं?"

"नाही, पण..."

"यादी हातात आली तेव्हाच मला कळलं. मला काय सम-विषम कळत नाही? टूरीला कळलं. क्लबच्या दारातल्या मांजरालासुद्धा कळलं असेल!"

"मग तू बोलली का नाहीस?" रसेलने विचारलं. "मी तुला काढायला निघालो होतो!"

"बोलले असते तर तू हिला काढलं असतंस. हिच्यानंतर पुढच्या महिन्यात दुसरं कुणी. चुकला की काढ, चुकला की काढ. वर्षभरात या डोंगरात तू आणि तुझी वही एवढंच उरलं असतं. आणि वही स्टोट धरत नाही, रसेल." ती त्याच्याकडे एक पाऊल सरकली. तो मागे सरकला. "हिने नऊ चुकवले. आज हिला बघ, प्रत्येक खोकं दोनदा उघडतेय. आता हिच्या हातून आयुष्यात आकडी राहणार नाही. असं माणूस तू घालवणार? तुझ्याकडे दुसरी आहेत का? कुठे ठेवलीयस?"

रसेलने घसा साफ केला. "मग विषयच संपला. मी माझं म्हणणं मागे घेतो. लाईन तुझीच. शनिवारच्या तपासणीची काही गरज नाही."

"गरज आहे. मी शब्द दिलाय. तू शनिवारी येणार आहेस आणि सगळी खोकी उघडणार आहेस."

"आंटी, जिंकल्यावर खाली बसायचं असतं," टूरी म्हणाला.

"तू गप रे. बेचाळीस कोण करणार? ग्लेनिस, नाक पूस आणि जा पुढे."

मी गेले. वर लाईनच्या टोकाशी भटक्यांची झोपडी आहे, तिथे आम्ही जेवलो. अंडं-बेकन भरलेली मोठी पेस्ट्री मी आणली होती. नोलीनने दोन तुकडे घेतले, म्हणजे माफी मिळाली असं मी धरलं. आल्याची वडी वाटताना तिने माझ्या हातावर जरा मोठी ठेवली आणि हलक्या आवाजात म्हणाली, "भित्री आहेस. पण बोललीस." एवढंच. उतरताना आम्ही नेहमीसारखे ओढा सोडून डोंगरधारेच्या वाटेने उतरलो. ती जवळची आहे आणि पाय कोरडे राहतात. माझं ओझं उतरलं होतं, मी गुणगुणतसुद्धा होते बहुतेक. अडीच वाजता गाड्यांपाशी पोचलो. परिचारिका बूट काढत होत्या. रसेल गाडीत टॉवेल शोधत होता.

नोलीन गाडीच्या दारावर हात ठेवून उभी राहिली.

"एकेचाळीस," ती म्हणाली.

"काय एकेचाळीस?"

"आकडी. काढल्याचं आठवत नाही."

माझं गुणगुणणं थांबलं. तिच्या दोन नियमांतला दुसरा मी मोडला होता. तिचा हात खोक्यात असताना मी बोलले होते.

"काढली असशील गं. अठरा वर्षांची सवय आहे हाताला," मी म्हणाले.

"सवय मला माहीत आहे. आठवत नाही, असं म्हणतेय."

"मी जाते. तू बस. तुझा गुडघा बघ, केवढा सुजलाय."

"खोकं माझं होतं," ती म्हणाली आणि चालायला लागली.

टूरीने मला विजेरी दिली, थर्मास दिला आणि इतरांना घरी पाठवून स्वतः वाट बघत थांबला. रसेलला तिने "काहीतरी राहिलंय" एवढंच सांगू दिलं. ओढ्याच्या वाटेने एकेचाळीसपर्यंत दोन तास लागले. अकरातल्या नऊ ओलांडण्या तिने माझा दंड धरून केल्या आणि प्रत्येक वेळी पलीकडे पोचल्यावर दंड असा सोडला की आधार तिनेच मला दिला होता. वाटेत मी तीनदा माफी मागितली. चौथ्यांदा मागायला गेले तर म्हणाली, "ग्लेनिस, एकतर चाल, नाहीतर बोल."

तिने गुडघे टेकले. मी यावेळी तोंड घट्ट मिटून उभी राहिले. स्क्रू फिरला, झाकण उघडलं.

आकडी होती.

तिने ती काढली. झाकण लावलं. उठायला तिला वेळ लागला आणि यावेळी मी दिलेला हात तिने धरून ठेवला.

"आता ठीक झालं," मी म्हणाले. "शनिवारी रसेल येईल, सगळं नीट असेल. कुणाला सांगायची काही गरज नाही. आपण दोघीच होतो."

"दोघी कमी आहेत का?"

"नोलीन, ऐक. चूक माझी होती. मी मधे बोलले. तू स्वतःच सांगितलंस, चुकणाऱ्याला काढू नये. मग तुला स्वतःला तो नियम नाही?"

"काढू नये हे बरोबरच आहे. रसेलचा नियम मूर्खपणाचाच आहे. पण शब्द मी दिला होता, त्याने नाही मागितला. एक म्हणजे एक, असं म्हणाले होते." तिने माझ्या जाकिटाच्या खिशाकडे बोट केलं. "काढ तुझा फोन. लिही. एकेचाळीस, आकडी राहिली होती. नोलीन कड्बी."

"मी नाही लिहिणार."

"एकदा तू गप्प बसलीस, त्याने काय झालं ते पाहिलंस ना? लिही."

मी लिहिलं. बोटं ऑगस्टपेक्षा जड झाली होती. खाली पोचलो तेव्हा सूर्य धारेआड गेला होता आणि टूरी गाडीच्या टपावर चढून आमची वाट बघत होता. तो खाली उतरला आणि नोलीनच्या बुटांच्या नाड्या सोडायला वाकला. तिने सोडू दिल्या, यावरून ती किती थकली होती ते मला कळलं.

नोंद वाचून रसेल माझ्या घरी आला. त्याला ते नाव काढायचं नव्हतं. तासभर तो माझ्या स्वयंपाकघरात उभा राहून काहीतरी पळवाट शोधत होता आणि विमा कंपनीत तीस वर्षं काढलेल्या माणसाला ती सापडली नाही. पुढच्या बैठकीत नोलीन स्वतःच म्हणाली, "माझं नाव काढा, रसेलचं घाला. त्याला आता अंड्याचा वास माहीत आहे." रसेलने बाकाचा विषय परत काढला नाही, तेवढं शहाणपण त्याला आलं होतं. मी इतिवृत्त लिहिलं आणि यावेळी पदरचं काही घातलं नाही.

ऑक्टोबरच्या दुसऱ्या रविवारी सकाळी सात वाजता आम्ही नऊजण जमलो. पाऊस रिमझिमत होता. रसेल पहिल्यांदाच मुख्य होता, हातात वही, तोंडावर परीक्षेला आल्याची कळा. नावं वाचून झाली आणि नोलीनची जुनी हिरवी गाडी येऊन थांबली. ती उतरली, बूट चढवले, पिशवी पाठीला लावली.

"नोलीन," रसेल अवघडून म्हणाला, "यादीत आज... म्हणजे तुझं नाव नाहीये."

"यादीत नाही. वाटेवर आहे. वाट सगळ्यांची आहे."

"आणि गुडघा?"

"तोही आलाय."

टूरीने तोंड फिरवलं, त्याचे खांदे हलत होते. आम्ही निघालो. पहिलं खोकं मुख्याने करायचं असतं. रसेल चिखलात गुडघे टेकून बसला, अंडं ठेवलं, सशाचा तुकडा ठेवला, कांबेने जोर लावून सापळा ताणला. आम्ही सगळे गप्प उभे. त्याचा हात खोक्यातून बाहेर आला, त्याने समाधानाने श्वास सोडला आणि झाकण ओढून घेतलं.

ते पुरतं बसलं नाही. कडेवर नोलीनचा बूट होता.

"आकडी?" ती म्हणाली.

रसेलने वर पाहिलं, मग फटीतून आत पाहिलं. त्याचे कान लाल झाले. त्याने हात आत घातला आणि आम्हाला सगळ्यांना तो बारीक खटका ऐकू आला.

"काढली," तो म्हणाला.

तिने बूट उचलला. "मग ओरड की! पुढचे काय दिवसभर थांबणार आहेत?"